किशोरांसाठी क्रीडा कादंबरी : मैदानातल्या वहीपासून दुसऱ्या पुस्तकापर्यंत

किशोरवयीन वाचकांसाठी खेळावरची कादंबरी लिहायची असे ज्यांनी मनाशी ठरवले आहे, पण सुरुवात नेमकी कोठून करायची हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझ्या पहिल्या कादंबरीला सहा वर्षे लागली आणि त्यांतली निदान तीन वर्षे कामे उलट्या क्रमाने केल्यामुळे वाया गेली. मी आधी सामने लिहिले, मग त्यांत खेळणारी माणसे शोधली आणि नियमपुस्तक उघडले ते सर्वांत शेवटी. खाली दिलेला क्रम हा त्या चुकांमधून सुधारून घेतलेला क्रम आहे. तो जसाच्या तसा पाळलाच पाहिजे असे नाही, परंतु पहिल्या चार पायऱ्या लेखनापूर्वी पूर्ण कराव्यात, एवढा माझा आग्रह आहे.

या प्रकाराची मूळ अडचण आधीच सांगते. क्रीडा कादंबरी दोन अगदी वेगळ्या वाचकांच्या हाती पडते. एक वाचक तो खेळ रोज खेळतो आणि त्याला पायाच्या ठेवणीतली चूकही खपत नाही. दुसऱ्याचा त्या खेळाशी काडीचाही संबंध नसतो आणि त्याने पुस्तक केवळ मुखपृष्ठ आवडले म्हणून उचललेले असते. पहिल्याचा विश्वास उडू न देता दुसऱ्याला शेवटच्या पानापर्यंत न्यायचे, हे या लेखकाचे काम आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचा एकच मार्ग आहे : खेळातला प्रत्येक नियम कोणत्या तरी नात्याच्या कामी लावायचा. हे कसे करायचे ते सहाव्या पायरीत एका उदाहरणाने दाखवले आहे.

१. आधी वाचकाचे वय ठरवा, खेळ नंतर

‘किशोर’ हा शब्द फार सैल आहे. १२ ते १४ वर्षांचा वाचक आणि १६ ते १८ वर्षांचा वाचक यांच्यात भाषा, प्रकरणांची लांबी, घरातल्या माणसांचे स्थान आणि प्रेमाविषयीचे कुतूहल या सगळ्यांतच फरक असतो. मुले सहसा आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या मुलांविषयी वाचणे पसंत करतात. त्यामुळे नायिका १४ वर्षांची असेल तर तिचे वाचक बहुतेक ११ ते १३ वर्षांचे निघतात. मी पहिल्या खर्ड्यात नायिका १३ वर्षांची ठेवून तिच्या तोंडी १७ वर्षांच्या मुलीचे विचार घातले होते आणि दोन्ही वयांच्या वाचकांना ती परकी वाटली.

वयोगट हा खेळात केवळ संख्येचा प्रश्न नसतो, हेही याच टप्प्यावर ध्यानात घ्यावे. मुलींची उंची साधारणपणे १२ व्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची १४ व्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. त्यामुळे एकाच संघातली दोन मुले शरीराने तीन-चार वर्षांच्या अंतरावर असल्यासारखी दिसू शकतात. गटाची सीमा १ जानेवारी असेल, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात मोडतात, पण त्यांच्यात जवळजवळ वर्षाचे अंतर असते. १९८० च्या दशकात कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्ममहिन्यांचा अभ्यास झाला, तेव्हा निवडले गेलेले खेळाडू वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेले असण्याचे प्रमाण लक्षणीय आढळले होते. डिसेंबरमध्ये जन्मलेल्या, गुणी पण नेहमी राखीव बाकावर बसणाऱ्या मुलाची एक संपूर्ण कादंबरी या एवढ्या माहितीत दडलेली आहे. ती अजून मी लिहिलेली नाही. ज्याला हवी त्याने खुशाल घ्यावी.

२. मैदानावर जा, पण सामने पाहायला नव्हे

टीव्हीवर पाहिलेल्या सामन्यांवरून कादंबरी लिहिता येत नाही, कारण कॅमेरा नेहमी चेंडूच्या मागे असतो आणि कादंबरीला हवे असलेले बहुतेक सारे चेंडूपासून दूर घडत असते. निवडलेल्या खेळाचा सराव आठवड्यातून दोनदा, निदान दोन महिने पाहावा. सामन्यांपेक्षा सराव अधिक पाहावा. सामन्यात प्रत्येकजण आपली सर्वोत्तम बाजू दाखवत असतो. सरावात कंटाळा, रुसवे, आळस, मैत्री आणि प्रशिक्षकाची खरी भाषा कानावर पडते.

माझ्या वहीतली सर्वांत उपयोगी ठरलेली नोंद एका राखीव धावपटूची आहे. शर्यतीत तिचे नाव नव्हते आणि ते तिला आदल्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही ती गवतावर बसून बुटांचे खिळे लहानशा किल्लीने एकेक करून घट्ट करत होती, आणि सहावा खिळा झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होती. ही नोंद मला कोणत्याही मुलाखतीत मिळाली नसती.

येथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. ज्यांच्याविषयी नोंदी करायच्या ती अल्पवयीन मुले आहेत. संस्थेची आणि प्रशिक्षकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय बसू नये. कोणत्याही मुलाशी बोलायचे असल्यास पालकांची संमती असावी, आणि बोलणे प्रशिक्षकाच्या किंवा पालकाच्या नजरेसमोर व्हावे. छायाचित्रे काढू नयेत. लेखकाला त्यांची गरजही नसते. वहीत खरी नावे न लिहिता खुणेची अक्षरे वापरावीत, म्हणजे वही हरवली तरी कोणाची अडचण होणार नाही.

या टप्प्यासाठी लागणारे साहित्य पुढीलप्रमाणे आहे :

– लेखी परवानगीपत्र आणि पालकांच्या संमतीचा साधा नमुना
– खिशात मावणारी, कडक पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल (पावसात पेन दगा देते)
– थांबघड्याळ, मोबाइलमधले चालते, पण मोबाइल सतत हातात असला की मुले सावध होतात
– त्या खेळाचे चालू वर्षाचे अधिकृत नियमपुस्तक
– वर्षभराच्या स्पर्धांचे वेळापत्रक

३. नियमपुस्तक आधी वाचा, मग तज्ज्ञाला विचारा

माझ्या पहिल्या कादंबरीत चार बाय शंभर मीटर रिले होती, म्हणजे चौघींनी एकामागून एक शंभर-शंभर मीटर धावून बॅटन नावाची नळी हातोहात पुढे द्यायची शर्यत. अंतिम शर्यतीत माझी नायिका मागे वळून पाहते, मैत्रिणीच्या डोळ्यांत डोळे मिळवते आणि बॅटन घेते, असे मी मोठ्या प्रेमाने लिहिले होते. पंधरा वर्षांच्या एका धावपटूला तो भाग वाचायला दिला. तिने पान परत केले आणि म्हणाली, “ताई, मागे बघितलं तर आम्ही तिथेच हरलो.” ती बरोबर होती. चार बाय शंभरमध्ये बॅटन घेणारी मुलगी मागे पाहत नाही. ट्रॅकवर आधी चिकटवलेल्या खुणेपाशी सहकारी पोहोचताच ती पूर्ण वेगाने सुटते आणि हाक ऐकू आली की हात मागे करते. डोळ्यांत डोळे मिळवणे चार बाय चारशेमध्ये शक्य असते, कारण तेथे येणारी धावपटू थकलेली असते आणि घेणारी तिच्याकडे पाहत बॅटन घेते.

त्या मुलीच्या एका वाक्याने माझा प्रसंग कोसळला, आणि त्याजागी कितीतरी चांगला प्रसंग मिळाला. नियमपुस्तक वाचल्यावर आणखी सापडले : बॅटन ठरलेल्या बदल-क्षेत्रातच हातातून हातात गेली पाहिजे, आणि तेथे पंच बॅटनची जागा पाहतात, धावपटूचे पाय कोठे आहेत ते नव्हे. बॅटन पडली तर ज्याच्या हातून पडली त्यानेच ती उचलायची असते. एखाद्या कथेचा कणा ठरावा असे हे नियम आहेत आणि कोणीही कल्पनेने ते रचू शकले नसते.

तज्ज्ञाकडे जाताना “या खेळाविषयी सांगा” असे विचारू नये. उत्तरादाखल भाषण मिळते. “शेवटच्या शर्यतीआधी वीस मिनिटे मुले कोठे असतात आणि काय करतात?” असे विचारावे.

४. कथानकाआधी पणाला काय आहे ते ठरवा

नवख्या लेखकाच्या आराखड्यात बहुतेक वेळा ‘संघ जिंकतो’ किंवा ‘संघ हरतो’ एवढेच शेवटी लिहिलेले असते. हा निकाल झाला, कथा नव्हे. सामना सुरू होण्याआधी वाचकाला हे ठाऊक असले पाहिजे, की हरल्यावर या मुलाचे नेमके काय जाणार आहे आणि जिंकल्यावरही काय जाणार आहे. दुसरा भाग पुष्कळजण विसरतात. निवड झाली तर धाकट्या भावाला घरी एकट्याने राहावे लागेल. जिंकलो तर जिवलग मित्राची जागा कायमची आपल्याकडे येईल. अशी जिंकण्याची किंमत ठरली की सामना आपोआप ताणला जातो.

निकाल नायकाच्या विरोधात गेल्याने पुस्तक पडते ही भीती निराधार आहे. क्रीडा पत्रकार रॉबर्ट लिपसाइट यांची मुष्टियुद्धावरची ‘द कंटेंडर’ ही किशोर कादंबरी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला नायक शेवटची लढत हरतो, मात्र अखेरच्या घंटेपर्यंत उभा राहतो. आणि ती कादंबरी आजही या प्रकारातली पायाभूत मानली जाते. त्या पुस्तकात प्रश्न ‘जिंकेल का’ असा नसून ‘उभा राहील का’ असा आहे, आणि त्याचे उत्तर गुणफलकावर लिहिलेले नसते.

स्वतःसाठी एक कसोटी लावावी. एका कागदावर दोन वाक्ये लिहावीत : “... हरली तर ...” आणि “... जिंकली तर ...”. दोन्ही वाक्यांच्या शेवटी चषक, पदक, बक्षीस किंवा अपमान यांपैकी शब्द आला, तर आराखडा अजून तयार नाही.

५. हंगामाची तारीखवही बनवा

क्रीडा कादंबरीला एक आयता सांगाडा मिळतो, तो हंगामाचा : निवड चाचणी, सराव, साखळी सामने, बाद फेरी, अंतिम सामना. या सांगाड्याचा लाभ जरूर घ्यावा, पण त्याच्या बरोबरीने शाळेच्या परीक्षा, सुट्ट्या, घरातले प्रसंग आणि दुखापतींचे दिवस एकाच तक्त्यात मांडावेत. असे न केल्यास सोमवारी पाय मोडलेला मुलगा तिसऱ्या रविवारी अंतिम सामना खेळताना दिसतो. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात एकाच आठवड्यात तीन रविवार आले होते आणि ते माझ्या नव्हे, संपादकाच्या लक्षात आले.

सामने किती दाखवायचे, हेही येथेच ठरवावे. हंगामात बारा सामने असले तरी सविस्तर तीनच लिहावेत, फार तर चार. उरलेले एका परिच्छेदात, एखाद्या गुणफलकात किंवा परतीच्या प्रवासातल्या संभाषणात उरकता येतात.

६. सामना कसा लिहावा

ही पायरी सर्वांत अवघड आहे, म्हणून तिच्यासाठी अधिक जागा घेते. माझ्या पहिल्या खर्ड्यातला रिलेचा भाग असा होता :

“अखेर तो क्षण आला. प्रेक्षकांचा जल्लोष टिपेला पोहोचला होता. ऋचा वाऱ्याच्या वेगाने आली, तन्वीने बॅटन घेतली आणि जिवाच्या आकांताने धाव घेतली. तिच्या डोळ्यांसमोर फक्त अंतिम रेषा होती.”

या चार वाक्यांत एकही गोष्ट अशी नाही, जी दुसऱ्या कोणत्याही शर्यतीत घडली नसती. संपादकाने समासात एवढेच लिहिले होते : “यातली तन्वी काढून दुसरी मुलगी घातली तर काय बदलेल?” काहीच बदलणार नव्हते. पुन्हा लिहिण्याआधी मी खेळातला एकच तांत्रिक मुद्दा निवडला. ऋचा दुखापतीतून परतली आहे आणि पूर्वीपेक्षा किंचित मंदावली आहे. ती मंदावली असेल तर खूण जवळ आणायला हवी, नाहीतर तन्वी तिच्या हाताच्या टप्प्याबाहेर निघून जाईल आणि बॅटन मिळण्याआधीच बदल-क्षेत्र संपेल. पण खूण जवळ आणणे म्हणजे ऋचाच्या तोंडावर ‘तू अजून बरी झालेली नाहीस’ असे म्हणणे. नवा खर्डा असा झाला :

“पट्टी साडेबावीस पावलांवर होती. काल ती चोवीसवर होती. ऋचाने विचारले नव्हते आणि तन्वीने सांगितले नव्हते. वाकून पट्टी दाबून बसवताना तिची बोटे चिकट झाली, ती तिने चड्डीला पुसली आणि मान वळवून खांद्यावरून फक्त त्या पट्टीकडे पाहत राहिली. वळणावर आठ मुली होत्या. त्यांतली ऋचा कोणती हे तिने पाहिले नाही. पाहिले असते तर ती थांबली असती. पट्टीवर पाऊल पडले. ती सुटली. एक, दोन, तीन, चार... हाक यायला हवी होती. पाच. सहा. ‘घे!’ तिने हात मागे केला आणि तळव्यावर काहीच आले नाही.”

जिला रिले ठाऊक नाही तिलाही येथे काय तुटते आहे ते कळते, आणि जिला ठाऊक आहे तिला पावलांचा हिशेब पटतो. नियम समजावून सांगणारे एकही वाक्य सामन्यात ठेवलेले नाही. खूण म्हणजे काय, ती पावलांनी का मोजतात, बदल-क्षेत्र संपले तर काय होते, हे सारे चाळीस पाने आधी, एका आळसावलेल्या सरावात, विनोदाच्या ओघात सांगून झालेले होते. सामन्यात नियम शिकवू नयेत; ते आधीच पेरून ठेवावेत.

खेळागणिक काळाची चाल वेगळी असते, तीही ओळखावी. कबड्डीतली चढाई ३० सेकंदांची असते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण मिळवणे भाग असते, नाहीतर चढाईपटू बाद होतो. येथे लेखकाला ताण आयता मिळतो. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये विचार करायला आणि कुजबुजायला जागा असते. फुटबॉल आणि बास्केटबॉल वाहते राहतात, म्हणून तेथे लांब विचारांची वाक्ये खोटी वाटतात. क्वामी अलेक्झांडर यांनी २०१४ मध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या जुळ्या भावांवरची ‘द क्रॉसओव्हर’ ही कादंबरी थेट कवितांमधून लिहिली आणि अमेरिकेतील बालसाहित्याचे २०१५ चे न्यूबेरी पदक तिला मिळाले. तुटक, उसळत्या ओळी त्या खेळाला शोभून दिसतात. सर्वांनी कवितेत लिहावे असे यातून मी सुचवत नाही, पण वाक्याची लांबी खेळाच्या श्वासाशी जुळली पाहिजे.

नेहमीचे सापळे थोडक्यात नोंदवते. समालोचकाच्या तोंडून सामना सांगणे ही पळवाट आहे. विरोधी संघातली सगळी मुले दांडगट आणि दुष्ट असणे हे आळसाचे लक्षण आहे. प्रतिस्पर्ध्याला एक तरी खरी, मानवी गरज द्यावी. शेवटच्या सेकंदाला मिळालेला विजय एका पुस्तकात एकदाच चालतो, आणि खरे सांगायचे तर एकदाही नसला तर बरे. प्रशिक्षकाचे लांबलचक स्फूर्तिदायक भाषण काढून टाकावे; मी पाहिलेले बहुतेक प्रशिक्षक शर्यतीआधी “पाणी प्यायलात का?” एवढेच विचारतात.

७. शरीर, दुखापत आणि वजन यांविषयी जबाबदारीने लिहा

दुखापत ही कथेची सोय नव्हे. ताणामुळे हाडाला गेलेली बारीक चीर भरून यायला साधारणपणे सहा ते आठ आठवडे, काही ठिकाणी त्याहून अधिक लागतात. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध फाटून शस्त्रक्रिया झाली, तर खेळात परतण्याआधी निदान नऊ महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो. वाढीच्या वयात धावणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा येतो, तो तर या वयाच्या कादंबरीत सहज यावा इतका सर्रास आढळतो.

डोक्याला मार लागलेला नायक पट्टी बांधून दहा मिनिटांत मैदानात परततो आणि सामना जिंकून देतो, हा प्रसंग कृपया लिहू नये. मेंदूला धक्का बसल्याचा नुसता संशय असला तरी खेळाडूने त्या दिवशी परत खेळू नये, हा आजचा सर्वमान्य नियम आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटनेही २०१९ पासून अशा खेळाडूऐवजी बदली खेळाडू देण्याची मुभा दिली आहे. तुमचा वाचक १३ वर्षांचा आहे आणि तो नायकाचे अनुकरण करील, हे गृहीत धरूनच लिहावे.

कुस्ती, मुष्टियुद्ध, जिम्नॅस्टिक्स आणि लांब पल्ल्याची धाव यांत वजनाचा प्रश्न येतोच. तो टाळू नये; मात्र पात्राचे किलोतले वजन, उपाशी राहण्याचे तास किंवा वजन उतरवण्याच्या युक्त्या यांचे तपशील देऊ नयेत, कारण अडचणीत असलेला वाचक ते कृतीची यादी म्हणून वाचतो. भूक, चिडचिड, मैत्रिणीपासून लपवाछपवी हे दाखवले की पुरे होते. मुलींच्या कादंबरीत मासिक पाळी अजिबात नसणे ही मात्र मला तपशिलातली चूक वाटते.

८. तीन प्रकारच्या वाचकांकडून वाचून घ्या

खर्डा पूर्ण झाल्यावर तो तिघांना द्यावा : तो खेळ खेळणाऱ्या मुलाला, तो खेळ अजिबात न पाहणाऱ्या मुलाला आणि एका प्रशिक्षकाला किंवा पंचाला. मुलांकडे अभिप्राय मागू नये. ती सभ्यपणे “छान आहे” म्हणतात. त्याऐवजी जेथे कंटाळा आला तेथे पानाचा कोपरा दुमडायला सांगावे. माझ्या एका खर्ड्याचे सलग अकरा कोपरे दुमडून आले होते आणि ते प्रकरण आता पुस्तकात नाही. घरातल्या माणसांना शक्यतो वाचायला देऊ नये. त्यांचे काम वेगळे असते.

९. प्रकाशकाकडे जाताना

पाठवण्याआधी पुढील कागद तयार ठेवावेत :

– पूर्ण झालेली, मुद्रितशोधन केलेली संहिता. पहिली कादंबरी अर्धवट पाठवू नये
– एका पानाचा सारांश, ज्यात शेवट स्पष्ट सांगितलेला असेल
– पहिली तीन प्रकरणे स्वतंत्र फाइलमध्ये
– वाचकाचा वयोगट, शब्दसंख्या आणि खेळ सांगणारे अर्ध्या पानाचे पत्र
– कोणाचे गीत, छायाचित्र किंवा संघाचे बोधचिन्ह वापरले असल्यास त्याच्या परवानगीची प्रत
– आपल्या खर्ड्यांच्या दिनांकित प्रती

शब्दसंख्येविषयी बरीच चिंता केली जाते. इंग्रजीत किशोर कादंबरी साधारणपणे ५० ते ८० हजार शब्दांची असते असे सांगितले जाते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येत असल्यामुळे तोच मजकूर कमी शब्दांत बसतो. त्यामुळे परभाषेतला आकडा गाठण्यासाठी कथा ताणू नये.

खऱ्या संघांची बोधचिन्हे आणि खरे खेळाडू कथेत पात्र म्हणून घेण्यापूर्वी शंभरदा विचार करावा. संघ आणि स्पर्धा काल्पनिक ठेवणे सोपे आणि सुरक्षित असते. खेळाचे नियम मात्र खरेच असावेत.

करार हाती आल्यावर तो घाईने सही करून परत करू नये. मी पहिल्या करारावर आनंदाच्या भरात उभ्याउभ्या सही केली, आणि अनुवाद, ध्वनिपुस्तक व चित्रपट यांचे सगळे हक्क एका ओळीत देऊन बसले. कराराच्या पाच गोष्टी निवांत तपासाव्यात : कोणते हक्क आणि किती वर्षांसाठी दिले आहेत, मानधन छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या प्रत्यक्ष प्राप्तीवर, विक्रीचा हिशेब वर्षातून किती वेळा मिळेल, पुस्तक उपलब्ध नसल्यास हक्क परत कसे येतील, आणि पुढचे पुस्तक आधी याच प्रकाशकाला दाखवण्याचे बंधन आहे का. लेखकांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील असलेल्या देशांमध्ये कृती निर्माण होताच लेखकाचा हक्क आपोआप सिद्ध होतो, नोंदणीवर तो अवलंबून नसतो. पण वाद झाल्यास दिनांकित खर्डे उपयोगी पडतात, म्हणून वरच्या यादीत ते घातले आहेत. स्वतः प्रकाशन करणाऱ्यांनी छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळा आयएसबीएन (पुस्तकाच्या ओळखीचा) क्रमांक लागतो, हे विसरू नये.

१०. पुस्तक आल्यानंतरची वर्षे

या लेखनावर लगेच चरितार्थ चालेल अशी अपेक्षा ठेवू नये. या प्रकारातली मोठी नावे पाहिली तर बहुतेकांच्या हाती आधी दुसरा व्यवसाय होता, आणि त्या व्यवसायानेच त्यांना विषय पुरवले. लिपसाइट वृत्तपत्रातून आले. ख्रिस क्रचर मुलांचे आणि कुटुंबांचे समुपदेशन करत असत, आणि त्यांच्या पोहणाऱ्या, धावणाऱ्या मुलांच्या घरातले प्रसंग इतके खरे का वाटतात याचे उत्तर तेथे आहे. किशोर साहित्यातील समग्र योगदानासाठी दिला जाणारा मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार क्रचर यांना २००० मध्ये आणि लिपसाइट यांना २००१ मध्ये मिळाला. लिपसाइट यांच्या त्या पहिल्या किशोर कादंबरीला तोवर चौतीस वर्षे झाली होती. टेनिसवर वर्षानुवर्षे लिहिणारे जॉन आर. ट्यूनिस यांची १९३८ मधली ‘आयर्न ड्यूक’ ही कादंबरी त्यांनी मोठ्यांसाठी म्हणून लिहिली होती. ती मुलांची आहे हे प्रकाशकाने ठरवले. तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते, आणि त्यांचे नाव आज टिकून आहे ते मुख्यतः त्यानंतरच्या किशोर पुस्तकांमुळे.

शाळा आणि क्रीडासंस्थांच्या भेटी या लेखकाच्या वर्षातला मोठा भाग व्यापतात. भेटीचे मानधन, प्रवास आणि वेळ आधी लेखी ठरवून घ्यावा. तेथे पुस्तकाविषयी भाषण करण्यापेक्षा एक प्रसंग वाचावा आणि मुलांना त्यातली खेळाची चूक शोधायला सांगावी. चुका सापडतात. त्या वहीत उतरवून घ्याव्यात.

दुसरे पुस्तक पहिले बाजारात येण्याआधी सुरू केलेले असावे. या लेखनाचा वाचक तीन-चार वर्षांत वयाने पुढे निघून जातो. पहिल्या पुस्तकावर जीव टाकणारा मुलगा दुसरे येईपर्यंत वेगळेच काहीतरी वाचत असतो, आणि नव्या मुलांना तुमचे नावही माहीत नसते. दोन पुस्तकांत सहा वर्षांचे अंतर पडले, की लेखक प्रत्यक्षात दुसऱ्यांदा पदार्पण करतो. माझे तसे झाले.

प्रत्येक नव्या आवृत्तीपूर्वी नियम पुन्हा तपासावेत, कारण खेळ बदलत राहतात. माझ्या रिलेत तन्वी ज्या बदल-क्षेत्रात धावते ते पहिल्या आवृत्तीत २० मीटरचे आहे आणि त्यापूर्वी वेग घेण्यासाठी १० मीटरची वेगळी जागा आहे. २०१७ च्या अखेरीस नियम बदलला आणि ती दोन्ही अंतरे मिळून ३० मीटरचे एकच क्षेत्र झाले. पुढच्या आवृत्तीत दोन मार्ग होते : क्षेत्र ३० मीटरचे करणे, किंवा कथेचे साल पहिल्याच प्रकरणात नोंदवून जुना नियम तसाच ठेवणे. क्षेत्र वाढवले असते तर त्याचा शेवट तेथेच राहिला असता, पण बॅटन देण्याची जागा दहा मीटर आधीपासून सुरू झाली असती आणि पावलांचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला असता. मी साल नोंदवले.